गाडी कधी तापते? इंजिन कूलिंगचं निदान आणि दुरुस्ती, क्रमाक्रमाने

गाडी तापायला लागली की पहिला प्रश्न येतो तो ‘काय बदलायचं?’ हा. थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप, रेडिएटर अशी यादी ठरलेलीच असते आणि ती संपेपर्यंत एकेक पार्ट बदलला जातो. यादी संपता संपता गाडी ताळ्यावर येतेही, पण दोष नेमका कशात होता ते मालकालाही कळत नाही आणि मेकॅनिकलाही. त्याऐवजी ‘कधी तापते?’ असं विचारून सुरुवात केली तर निम्मं निदान बोनेट न उघडता होतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना? हायवेवर? सुरू करून पाच मिनिटं होतात न होतात तोच? की एसी लावून चढ चढताना? प्रत्येक उत्तर वेगळ्या पार्टकडे बोट दाखवतं.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे निघालाय तेव्हा

निदान नंतर, आधी इंजिन वाचवा. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. हीटरची जाळी म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला छोटा रेडिएटरच; इंजिनाची थोडी उष्णता ती केबिनमध्ये ओढते. घामाने निथळाल, पण सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ मिळतो. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार वारा येत असेल, तर तेवढाही वेळ नाही. कूलंट, म्हणजे इंजिनात फिरून उष्णता वाहून नेणारा द्रव, हीटरपर्यंत पोहोचत नाहीये; याचा अर्थ एकतर ते संपलंय किंवा फिरायचं थांबलंय. लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अशा वेळी काटा अचानक खाली आला तरी हायसं वाटून घेऊ नका. तापमानाचा सेन्सर कूलंटात बुडालेला नसेल तर तो कोरड्या जागेचं तापमान सांगतो, आणि इंजिन जळत असताना काटा उतरू शकतो.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते माहीत असलं की मोह आवरतो. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण ते दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि तेच कूलंट त्या क्षणी वाफ होऊन उसळतं. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) मुठीत आरामात धरता येईपर्यंत थांबा. त्याला अर्धा तास लागेल, कधी तासाहून जास्त. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच घातक. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, एका जागी एकदम आकसतं आणि त्याला तडा जाऊ शकतो. शिवाय किल्ली काढल्यावरही इलेक्ट्रिक पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा त्याच्याजवळ हात घालण्याआधी त्याचा कनेक्टर किंवा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

कामापुरती माहिती

जळणाऱ्या इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेल्यातला बहुतेक भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. पंप ते ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि कूलंट बायपासमधून, म्हणजे आडवाटेने, इंजिनातच घुटमळतं. थर्मोस्टॅटवर एक आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ ते ९५ यांच्या दरम्यानचा. त्या तापमानाला आतलं मेण वितळून फुगतं, वाट उघडते आणि रेडिएटर कामाला लागतो. गाडी पळत असेल तर समोरचा वारा पुरतो, उभी असेल तर पंखा लागतो.

या सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे झाकण. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं. १ बारच्या आसपासच्या झाकणाखाली तेच १२५ अंशांच्या पुढे टिकतं. झाकणाची स्प्रिंग दमली किंवा रबर चिरलं की हा सगळा राखीव पल्ला जातो. इंजिन नेहमीइतकंच गरम असतं, पण कूलंट उकळून कूलंटच्या टाकीबाहेर येतं आणि आपण रेडिएटर बदलायला निघतो. म्हणून माझ्या मते, गाडी जुनी असेल आणि झाकण कधीच बदललेलं नसेल, तर ते आधी नवं घ्यावं. बारचा आकडा जुन्या झाकणावर छापलेला असतो, तोच हवा. जास्त दाबाचं झाकण लावून ‘सुधारणा’ करू नका. तो दाब सर्वांत कमकुवत होजवर जाऊन फुटतो.

काट्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मध्यावर ढिम्म. तो हलतो तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यामुळे ओबीडी पोर्टला (निदानासाठी गाडीत दिलेल्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप एवढं तरी जवळ असावं. पुढे जिथे तापमान म्हटलंय तिथे ते अ‍ॅपवरचं.

कधी तापते त्यावरून काय ओळखायचं

उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की थंड होते: हा वाऱ्याचा दोष. पंखा, त्याचा फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), किंवा पंख्याभोवतीचं तुटलेलं श्राउड (हवेला वाट देणारं आवरण). पंप आणि रेडिएटर यांचा विचार इथे सध्या बाजूला ठेवा.

हायवेवर तापते, गावात ठीक असते: पंखा निर्दोष, कारण त्या वेगाला त्याची गरजच नसते. उष्णता जास्त तयार होतेय आणि कूलंट ती पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या असतील, जाळी बाहेरून चिखलाने बुजली असेल, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, पंपाची पाती झिजली असतील, किंवा वेग वाढला की खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल. हा शेवटचा दोष उभ्या गाडीवर दिसतच नाही. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन तीन हजार आरपीएमवर धरायला सांगा आणि बाजूला उभं राहून होजकडे बघा.

सुरू केल्यापासून काही मिनिटांत तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत मोठा एअर लॉक (अडकलेली हवा) आहे, कूलंटच नाही, किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलंय.

फक्त एसी लावून, भरलेल्या गाडीने चढ चढताना तापते: काहीच पूर्ण बिघडलेलं नाही, पण सगळ्याची ताकद थोडीथोडी कमी झालीय. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधली फट हा इथला नेहमीचा गुन्हेगार. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत दोन थरांच्या मधे माती, पिसं, किडे यांची गादी बसलेली असते.

कधी वर, कधी खाली, अधूनमधून हीटर गार: कूलंट कमी आहे किंवा आत हवा आहे.

तापतच नाही, सत्तरच्या आसपासच घोटाळते: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. स्कॅनरवर बहुधा पी०१२८ हा कोड असतो. गाडी तापत नाही म्हणून हे खपवून घेऊ नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि जास्त झिजतं.

काटा एका झटक्यात कमाल मर्यादेला: एवढं पाणी क्षणात एवढं तापूच शकत नाही. सेन्सर किंवा वायरिंग बघा. अ‍ॅपवर उणे ४० दिसत असेल तर सर्किट तुटलंय, अशक्य वाटावा इतका मोठा आकडा दिसत असेल तर शॉर्ट आहे.

थंड गाडीवर पहिली पाहणी

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, सुरू करण्याआधी, टाकीतली पातळी बघा. ती किमान आणि कमाल या खुणांच्या मधे हवी. रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल तर तेही उघडा आणि आत काठोकाठ भरलंय का ते बघा. रिझर्व्ह बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र दोन बोटं रिकामा, असं दिसलं तर झाकणाचा आतला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व अडकलाय. इंजिन थंड होताना कूलंट बाटलीतून परत ओढलं जायला हवं, ते जात नाहीये. अशा गाडीत सकाळी वरचा होज पोट आत गेल्यासारखा चपटा दिसतो.

मग एक चमचाभर कूलंट पांढऱ्या कपात घ्या. स्वच्छ आणि रंगीत असेल तर ठीक. गंजासारखं तांबूस असेल तर कुणीतरी नुसतं पाणी भरत आलंय. तेलाचा तवंग किंवा घट्ट, चिखलासारखा थर असेल तर गोष्ट गंभीर. ऑटोमॅटिक गाडीत कूलंट गुलाबी दुधासारखं झालं असेल तर रेडिएटरच्या आत बसवलेला गिअर ऑइलचा कूलर फुटलाय. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, गिअरबॉक्स जाईल.

होज दाबून बघा. चांगला होज दाबल्यावर परत उभारी घेतो. लिबलिबीत, फुगलेला किंवा दाबल्यावर आत कुरकुर वाजणारा होज बदलायचा. क्लॅम्पच्या जवळ खास बघा, कारण होज बहुधा टोकाला फाटतो. पंप फिरवणारा पट्टा चकाकत असेल, भेगाळला असेल किंवा सैल असेल तर तो घसरतोय.

कूलंट कुठे जातं?

बंदिस्त कूलिंग सिस्टिम कूलंट ‘पीत’ नाही. वर्षाकाठी पातळीत किंचित फरक पडेल. दर महिन्याला कूलंटची बाटली ओतावी लागत असेल तर गळती आहे, एवढंच. ‘या मॉडेलला थोडं पाणी लागतंच’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बाहेरची गळती कोरड्या खुणांवरून सापडते. गरम इंजिनावर थेंब पडताक्षणी सुकतो आणि मागे पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खरबरीत डाग ठेवतो. टॉर्च घेऊन हे बघा: होजची टोकं, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, थर्मोस्टॅटचं घर, टाकीच्या खालची शिवण. वॉटर पंपाच्या अंगावर, शाफ्टच्या खाली, पेन्सिलीच्या टोकाएवढं एक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून खाली ओघळलेली रंगीत रेघ दिसली की पंपाचे दिवस भरले. ते भोक एम-सीलने बुजवलेली गाडी बघायला मिळाली तर नवल नाही. त्याने गळती थांबत नाही, ती बेअरिंगमध्ये जाते.

डोळ्यांनी सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हातपंप आणि मीटर असलेलं हे साधं उपकरण थंड रेडिएटरच्या तोंडावर बसवायचं आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, त्यापुढे नाही. दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहायला हवा. तो उतरत असेल तर गाडीभोवती फिरून फुसफुस ऐका, थेंब शोधा. त्याच उपकरणाच्या अडॅप्टरवर झाकणही तपासता येतं.

दाब उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर दोन जागा उरतात. एक, केबिनमधली हीटरची जाळी: पायाखालचा गालिचा ओला आणि चिकट लागतो, काचेच्या आतून तेलकट वाफ धरते, गोडसर वास येतो. दुसरी, इंजिनाच्या आत. तिच्याकडे शेवटी येऊ.

गळती बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रव यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. भोक बुजवणारी वस्तू भोक आणि नळी यांतला फरक ओळखत नाही. हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात. आडरानात अडकलात आणि घर गाठायचंय, एवढ्यापुरतं ठीक. नंतर सिस्टिम धुवून काढावीच लागते.

पंखा

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा चालू होतो. लागला, तर मोटर आणि तिची वायरिंग निदान जिवंत आहे. मग एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा आणि तापमान बघत राहा. पंखा साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान लागायला हवा आणि काही अंश उतरल्यावर बंद व्हायला हवा. १०८ झाले, ११० झाले तरी शुकशुकाट असेल तर इंजिन बंद करा.

एसीवरही पंखा फिरला नाही, तर क्रम असा ठेवा. आधी फ्यूज. मग रिले: फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, असतो; अदलाबदल करून बघायला मिनिटही लागत नाही. मग पंख्याचा कनेक्टर उघडा. प्लॅस्टिक वितळलंय का, पिन काळ्या पडल्यात का ते बघा. पंखा भरपूर करंट ओढतो आणि सैल पिन जळतात. शेवटी फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरींनी मोटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. फिरली नाही तर मोटर गेली. फिरली तर दोष मागे आहे: अर्थिंग, वायर, सेन्सर किंवा ईसीयू (इंजिनाचा कंप्यूटर). सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. तसं झालं तर पंख्याचं सर्किट ठीक, संशय सेन्सरवर. मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा रोध मोजा: बहुतेक सेन्सर २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८०-९० अंशांना दोनशे ते साडेतीनशे ओहम दाखवतात. गरम होताना आकडा सलग उतरायला हवा, मधे उड्या नकोत.

पंखा फिरतोय म्हणजे तो काम करतोय असं नाही. झिजलेल्या ब्रशची मोटर फिरते, पण दमलेली. एक कागद घेऊन समोरच्या जाळीवर धरा आणि सोडा. रेडिएटरमागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तो गळून पडला तर वारा पुरेसा नाही, आणि उडून तुमच्याकडे आला तर मागच्या दुरुस्तीत कुणीतरी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळाला की पहिला वेग गायब होतो. तापमान बरंच चढतं, मग पंखा एकदम घोंघावत सुरू होतो.

पट्ट्यावर चालणारा व्हिस्कस पंखा (घट्ट तेल भरलेल्या कपलिंगवर फिरणारा) असेल तर इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. अडखळत थांबायला हवा. सैल गिरक्या घेत राहिला, किंवा मधल्या भागावर तेलाचे फराटे दिसले, तर कपलिंग बदलायचं. आणि पंखा डायरेक्ट करून स्विच लावून देणं हा इलाज नाही, तो फक्त निदान पुढे ढकलणं आहे.

थर्मोस्टॅट

इंजिन थंड असताना सुरू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. पहिली काही मिनिटं होज कोमट किंवा गारच राहायला हवा, अ‍ॅपवर तापमान चढत असलं तरी. मग उघडण्याचं तापमान आलं की होज अर्ध्या मिनिटात हाताला चटका देण्याइतका तापतो. हा बदल एवढा स्पष्ट असतो की एकदा अनुभवला की विसरत नाही. पहिल्या मिनिटापासूनच होज हळूहळू तापत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. १०५ झाले तरी होज गार असेल तर तो बंद अडकलाय, किंवा मागे हवा साचल्याने त्याच्यापर्यंत गरम कूलंट पोहोचत नाहीये. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे हाच प्रयोग खालच्या होजवर करायचा.

खात्री करायची तर काढून पातेल्यात, दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता पाणी तापवा, थर्मामीटर शेजारी. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तो उघडू लागायला हवा आणि दहा-पंधरा अंश पुढे पूर्ण उघडा दिसायला हवा. हे पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. खरं सांगायचं तर, एवढी खटपट करून काढल्यावर जुनाच परत बसवण्यात शहाणपण नाही. नवा बसवताना छोटी हलणारी पिन किंवा भोक असेल तर ते वर ठेवा, हवा तिथून निसटते. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच घ्या.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो दोन कारणांनी चूक. एक, इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचत नाही, ईसीयू जास्त इंधन देत राहतो आणि तेलात पेट्रोल उतरतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं: अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती, उघडताना, बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते, कूलंटचा एक भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातो आणि भर उन्हात, चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

रेडिएटर आणि पंप

आधी बाहेरून धुवा. पाण्याची धार इंजिनाकडून समोरच्या दिशेने, म्हणजे घाण ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर. कार वॉशचा जोरदार फवारा वापरू नका, जाळीचे पंख आडवे होतात आणि हवा कायमची अडते.

आतून भरलाय का ते इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. इंजिन पूर्ण गरम, पंखा चालू. जाळीवर इकडून तिकडे मोजत जा. तापमान आत येण्याच्या टोकाकडून बाहेरच्या टोकाकडे हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. थोडा गाळ असेल तर कूलिंग फ्लश वापरून धुता येतो. अ‍ॅल्युमिनियमला चालणारंच रसायन घ्या. अर्धा रेडिएटर गार असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

पंपाचं निदान बहुधा इतरांना निर्दोष ठरवून होतं. गळती, बेअरिंगचा घरघराट किंवा पुली हलवल्यावर लागणारा खेळ ही उघड लक्षणं. छुपा दोष म्हणजे प्लॅस्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) शाफ्टवर सैल होऊन घसरणं, किंवा गंजाने पाती खाऊन जाणं. बाहेरून पंप ठणठणीत दिसतो. पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर ठीक असूनही हीटर कोमट आणि इंजिनाचा वेग वाढवला की तो गरम होतो, असं असेल तर पंप उघडून बघण्याला पर्याय नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदला. मजुरी तीच, आणि पंप अडकला तर बेल्ट तुटून इंजिन जाऊ शकतं.

हेड गॅस्केट: ज्याची भीती वाटते ते

गाडी एकदा जबरदस्त तापली असेल तर ही तपासणी टाळू नका, कारण तापण्याचा परिणाम पुढच्या तापण्याचं कारण बनतो. चिन्हं अशी: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात, इंजिन गरम व्हायच्या आधीच, होज दगडासारखे कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, गरम इंजिनातूनही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर, सकाळी एक सिलिंडर मिस होणं. तेलाच्या झाकणाखालचा साईसारखा थर एकटाच पुरावा नाही. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दवानेही जमतो. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ असेल तर मात्र शंका नको, आणि ते इंजिन आता सुरू करू नका.

पक्कं करायला निळ्या द्रवाची चाचणी सर्वांत सोपी. कूलंट थोडं काढून पातळी खाली आणा, टाकीच्या तोंडावर नळी बसवा आणि इंजिन चालू असताना आतली हवा त्या द्रवातून ओढा. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटात मिसळत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. डिझेलमध्ये तो हिरवट छटेवरच थांबू शकतो. कूलंट नळीत ओढलं गेलं तर चाचणी बाद, द्रव बदलून पुन्हा करा.

हे काम घरच्या हत्यारांचं नाही, पण गॅरेजमध्ये काय विचारायचं ते माहीत हवं. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजला का? मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर ते टिकत नाही. तड्यासाठी प्रेशर टेस्ट झाली का? हेड बोल्ट नवे आहेत का? अनेक इंजिनांचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि एकदाच वापरायचे असतात. आणि मूळ कारण, ज्यामुळे गाडी तापली, ते सापडलं का?

कूलंट भरणं आणि हवा काढणं

पार्ट बदलून झाल्यावर गाडी पुन्हा तापते, तेव्हा दोष बऱ्याचदा इथे असतो. कूलंट रंगावरून घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा यांना सर्वमान्य अर्थ नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन बघा. वेगळ्या रसायनांची कूलंट मिसळली तर गंजरोधक निकामी होतात, कधी गाळही धरतो. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ आहे की कॉन्सन्ट्रेट तेही वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नळ्यांत क्षार सोडतं. जास्त कूलंट घातलं तर जास्त थंडावा, असंही नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असतं.

१. गाडीचं तोंड थोडं वर येईल अशा उतारावर उभी करा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी.

२. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. अगदी हळू भरा. स्क्रूमधून बुडबुडे न येता सलग धार आली की तो बंद करा.

३. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. वरचा आणि खालचा होज मधूनमधून दाबा, अडकलेली हवा गुरगुरत वर येते. होज चटका देऊ लागण्याआधी हे संपवा.

४. झाकण लावा. थर्मोस्टॅट उघडून पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून सलग गरम वारा यायला हवा.

५. इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पातळी बघून भरा.

काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनरने इलेक्ट्रिक पंप चालवावा लागतो किंवा व्हॅक्यूमने भरावं लागतं. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर वरचा उपाय पुरणार नाही.

नंतर अ‍ॅप चालू ठेवून एक फेरी मारा. ज्या परिस्थितीत गाडी तापत होती तीच मुद्दाम निर्माण करा: ट्रॅफिकमधली असेल तर उभी ठेवून एसी लावा, हायवेची असेल तर हायवेवर न्या. तापमान थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ राहून पंख्याबरोबर थोडं वरखाली व्हायला हवं. पुढचे काही दिवस सकाळी थंड गाडीवर पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत ती किंचित उतरणं म्हणजे उरलेली हवा बाहेर पडणं. त्यानंतरही उतरत राहिली तर प्रेशर टेस्टर पुन्हा बाहेर काढा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही दगावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं तेल व कूलंट परत घेणाऱ्या गॅरेजला द्या. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने लगेच धुवा.